सशाची लघवी, मूत्राशयातला गाळ आणि खडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सशाची लघवी गढूळ, पांढुरकी दिसते. हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. कुत्रा, मांजर किंवा माणूस यांचे आतडे शरीराला लागेल तेवढेच कॅल्शियम शोषते. सशाचे आतडे असा हिशेब ठेवत नाही. चाऱ्यातून जेवढे येईल त्याच्या प्रमाणात ते आत घेते आणि जास्तीचे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडावर पडते. इतर सस्तन प्राण्यांच्या लघवीतून कॅल्शियमचा जेमतेम २ टक्के भाग जातो, सशाच्या लघवीतून ४५ ते ६० टक्के. त्यातच सशाची लघवी अल्कधर्मी असते, पीएच साधारण ८ ते ९. अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेट विरघळून राहत नाही, त्याचे बारीक कण तयार होतात. म्हणून तांदळाच्या धुवणासारखी पातळ, गढूळ लघवी ही निरोगी सशाची खूण आहे.

वाढत्या वयाच्या पिलांची आणि गाभण किंवा पाजत्या मादीची लघवी स्वच्छ दिसते, कारण ते कॅल्शियम त्यांच्या शरीरातच वापरले जाते. मोठ्या सशाची लघवी मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यासारखी आणि खूप होत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.

मग गढूळपणा कधी वाईट समजायचा?

बोटाने ओळखा. लघवीच्या ट्रेच्या कडेवर वाळलेला पांढरा थर खडूच्या भुकटीसारखा लागला तर ठीक. रव्यासारखा किंवा रेतीसारखा खरखरला, किंवा लघवी टूथपेस्टसारखी घट्ट पडली, तर मूत्राशयात गाळ साचला आहे.

एक फसवी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाळ जड असतो, तो मूत्राशयाच्या तळाशी बसतो आणि वरची पातळ लघवी तेवढी बाहेर येत राहते. पूर्वी गढूळ येणारी लघवी अचानक स्वच्छ यायला लागली आणि ससा मात्र सुस्त आहे, तर ‘बरे वाटतेय’ असे समजू नका. गाळ आतच राहिलेला असू शकतो.

लघवी लाल किंवा केशरी झाली. रक्त आहे का?

फिकट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत कोणताही रंग नुसत्या रंगद्रव्यांमुळे येऊ शकतो. काही पालेभाज्या, हवामानातला बदल, ताण, एखादा औषधाचा कोर्स यानंतर असे रंग दिसतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. हवेत राहिल्यावर लघवी आणखी गडद होते, त्यामुळे सकाळी पाहिलेला डाग रात्रीच्या लघवीपेक्षा भयंकर वाटतो.

रंगद्रव्य असेल तर सगळे थारोळे एकसारखे रंगलेले असते. रक्त असेल तर लघवीत लाल धागे, थेंब किंवा गाठी वेगळ्या दिसतात, बऱ्याचदा लघवीच्या शेवटी. खात्री करायला औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी, दहा तपासण्यांची लघवीची पट्टी चालते. पट्टीवर ‘ब्लड’चा चौकोन आहे ना, हे पाहून घ्या. नुसती साखर आणि कीटोन दाखवणारी पट्टी इथे निरुपयोगी. याच पट्टीवर प्रोटीनचा चौकोन थोडा रंगला तर घाबरू नका, अल्कधर्मी लघवीत तो खोटा रंग दाखवतो.

नसबंदी न केलेल्या, तीन वर्षांपुढच्या मादीत लघवीबरोबर रक्त दिसले तर पहिला संशय मूत्राशयावर नाही, गर्भाशयावर घ्यायचा. अशा माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. पट्टी फक्त रक्त आहे एवढे सांगते, ते कुठून आले हे सोनोग्राफीत कळते.

गाळ साचतो कशामुळे? कॅल्शियम कमी केले की झाले ना?

इथेच बहुतेक लोक चुकतात. कॅल्शियम सगळ्याच सशांच्या लघवीत असते, गाळ मात्र काहींच्याच मूत्राशयात बसतो. फरक पाडतात त्या दोन गोष्टी: लघवी किती पातळ आहे, आणि मूत्राशय किती वेळा, किती पूर्ण रिकामे होते.

लहान पिंजऱ्यात दिवस काढणारा, जाड झालेला ससा कमी उठतो. जागच्या जागी बसून राहतो, लघवी धरून ठेवतो. तेवढ्या वेळात कण खाली बसतात. ससा उड्या मारतो तेव्हा मूत्राशय हलते, गाळ ढवळला जातो आणि लघवीबरोबर निघून जातो. ताकाचे भांडे तासभर ठेवले की निवळी वर आणि घट्ट भाग खाली बसतो, तसाच हा प्रकार.

नीट लघवी करण्यासाठी सशाला मागचा भाग उचलून, कंबर ताणून उभे राहावे लागते. ज्याची कंबर दुखते, गुडघे आखडलेत, किंवा तारेच्या जाळीवर राहून तळपायांना जखमा झाल्यात, तो अर्धवट बसूनच लघवी करतो. मूत्राशय अर्धेच रिकामे होते. अशा सशाची कोथिंबीर कॅल्शियमच्या भीतीने वर्षभर बंद ठेवली तरी गाळ पुन्हा येतो. वय पाच-सहा वर्षांच्या पुढे असेल, तर मूत्राशयाच्या एक्स-रेमध्येच पाठीचा कणा आणि खुबेही दिसतील असा फोटो काढायला सांगा. अनेकदा खरे दुखणे तिथे सापडते.

आहारातून कॅल्शियम फारच काढून टाकले तर दात आणि हाडे ठिसूळ होतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यांना ते हवेच असते.

तरी आहारात काय बदलायचे?

आधी आकडे पाहा. १०० ग्रॅम वाळलेल्या टिमोथी गवतात साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वाळलेल्या लसूण घासात १२०० ते १५०० मिलिग्रॅम. एक टक्का कॅल्शियम असलेली पेलेट (पाकिटात मिळणारे, दाबून केलेले खाद्याचे दाणे) ५० ग्रॅम दिली की ५०० मिलिग्रॅम गेले. आणि १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत? दीडशेच्या आसपास, शिवाय बरोबर ८५ मिलिलिटर पाणी. वाटीभर पेलेट ठेवून कोथिंबीर बंद करणे म्हणजे मोरीचा नळ उघडा ठेवून कपडा पिळत बसणे.

लसूण घासाबद्दल वेगळे सांगायला हवे. नावात घास असला तरी ते गवत नव्हे, द्विदल पीक आहे. जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानात ताजे, स्वस्त मिळते, सशाला आवडते, म्हणून रोज पेंडीभर घातले जाते. सहा महिन्यांपर्यंतच्या पिलाला चालते. त्यानंतर बंद. बरसीमचेही तसेच.

आहाराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग वाळलेले गवत हवे. आयात टिमोथी परवडत नसेल तर ओट, ऱ्होड्स, मारवेल किंवा पवना गवत वाळवलेले चालते. गणपतीनंतर उरलेल्या दूर्वाही उत्तम, फक्त औषध फवारलेल्या नकोत आणि धुऊन द्या. पावसाळ्यात गवताची गंजी उघडली की आधी वास घ्या. कुबट आला तर फेकून द्या.

गाळाचा त्रास असलेल्या दोन किलोच्या सशाला पेलेट दिवसाला एक ते दीड मोठा चमचा पुरे. पाकिटावर कॅल्शियम ०.५ ते ०.८ टक्के आणि तंतू २० टक्क्यांच्या वर पाहा. मांसासाठी पाळलेल्या सशांना लवकर वजन चढवण्यासाठी बनवलेले खाद्य घरातल्या प्रौढ सशासाठी नसते.

कोणत्या भाज्या द्यायच्या, कोणत्या टाळायच्या?

बिनधास्त द्या: सॅलडची पाने (लेट्यूस), काकडीची साल, सिमला मिरची, दुधी, थोडी कोबीची पाने, दूर्वा. कोथिंबीर आणि पुदिना आलटूनपालटून, एका वेळी मूठभर.

कढीपत्ता (१०० ग्रॅममध्ये साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), हिरवा माठ, शेवग्याचा पाला (दोन्हीत तीनशेच्या वर) आणि मेथी (पावणेतीनशेच्या आसपास) हे गाळ असलेल्या सशाला बंद करा. निरोगी सशाला आठवड्यातून एखादी काडी दिल्याने काही बिघडत नाही. नाचणीतही साडेतीनशेच्या आसपास असते, आणि धान्य म्हणूनही ती सशासाठी नाहीच. पालकात कॅल्शियम कमी, पण ऑक्झलेट (कॅल्शियमशी जुळून स्फटिक बनवणारे द्रव्य) भरपूर. आंबट चुक्याची भाजीही त्याच पंगतीत. अळूची पाने कधीच नाही.

दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन-तीन मुठी, दोन-तीन प्रकार मिळून. भाज्या धुतल्यावर झटकू नका, ओल्याच द्या. तेवढेच पाणी पोटात जाते.

पाणी किती प्यायला हवे? बाटली बरी की वाटी?

वाटी. बाटलीच्या नळीतून थेंब थेंब चाटण्यापेक्षा ससा वाटीतून जास्त पाणी पितो. जड, सिरॅमिकची, उलटणार नाही अशी घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. एक किलो वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर ही नेहमीची मर्यादा आहे. भरपूर ओला पाला खाणारा ससा कमी पितो, ते चालते.

मोजायचे असेल तर सकाळी ३०० मिलिलिटर भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले मोजपात्राने मोजा. सलग चार दिवस करा, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. उन्हाळ्यात सशाच्या खोलीचे तापमान ३० अंशांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी हे जमायला कूलर लागतोच, आणि तिथे पाण्याच्या वाटीत दुपारी एकदा गार पाणी बदलून घाला.

बोअरच्या जड पाण्याने खडे होतात का?

पाण्यातून जाणारे कॅल्शियम चाऱ्याच्या मानाने थोडे. घरी फिल्टरचे पाणी असेल तर द्या. पण चव आवडली नाही म्हणून ससा कमी प्यायला लागला, तर पुन्हा जुनेच पाणी ठेवा.

कॅल्शियमचे सिरप, मिनरलचा दगड?

नको. दुकानदार ‘हाडे मजबूत’ म्हणून देतात. त्यात बहुधा ‘ड’ जीवनसत्त्वही असते, ते कॅल्शियमचे शोषण आणखी वाढवते. मिनरलचा दगड, समुद्रफेस, पक्ष्यांचा खडू हे सगळे पिंजऱ्यातून काढा.

मुतखड्यावरचे घरगुती उपाय सशाला चालतील का?

पानफुटी अजिबात नाही. माणसांत ती मुतखड्यावर सर्रास खाल्ली जाते, पण तिच्यात हृदयावर घातक परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि लहान जनावराला थोड्या पानांनीही विषबाधा होऊ शकते. कुंडीतली पानफुटी सशाच्या तोंडापासून दूर ठेवा.

लघवीच्या जळजळीवर औषधाच्या दुकानात मिळणारे गुलाबी सिरप लघवी अल्कधर्मी करते. सशाची ती आधीच आहे. उलट टोकाला लघवी आम्ल करण्यासाठी क्रॅनबेरी किंवा ‘क’ जीवनसत्त्व देण्याचाही सशात उपयोग होत नाही. हिरवा पाला पचवणाऱ्या प्राण्याची लघवी पुन्हा अल्कधर्मीच होते. कॅल्शियम कार्बोनेटचा खडा विरघळवणारे औषध किंवा खास आहार सशासाठी नाही.

कोणत्या खुणा दिसल्या की तपासून घ्यावे?

ट्रेच्या बाहेर लघवी व्हायला लागली, शेपटीखालचे केस ओले आणि पिवळे, लघवीला जास्त वेळ लागतो, लघवी करताना शेपटी उचलून कुंथतो, पाठ कुबड्यासारखी करून बसतो, दात करकरतो, उड्या कमी झाल्या. यातली एकही दिसली तर दोन-तीन दिवसांत दाखवा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दोन किलोच्या सशाचे १०० ग्रॅम वजन कमी झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते.

तातडीने, रात्रीसुद्धा, कधी न्यायचे?

कुंथतोय पण थेंबभरही लघवी येत नाही. पोटाचा खालचा भाग टणक लागतो. लघवीत रक्ताच्या गाठी आहेत. किंवा १२ तासांत काही खाल्ले नाही आणि लेंड्याही नाहीत. नराची मूत्रनलिका लांब आणि अरुंद, म्हणून खडा अडकण्याचे प्रमाण नरांत जास्त. लघवी अडली तर काही तासांत मूत्रपिंडाला इजा होते.

पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका. तुंबलेले मूत्राशय दाबाने फुटते.

डॉक्टरकडे जाताना लघवीचा नमुना कसा घ्यायचा?

ट्रे गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा, त्यात कागद किंवा भुसा काही घालू नका. पलीकडे थोडे गवत ठेवा, ससा येऊन बसतो. सुई नसलेल्या ५ मिलिलिटरच्या सिरिंजने लघवी ओढून स्वच्छ बाटलीत भरा. दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि तसे सांगा, कारण थंड केल्यावर स्फटिक वाढतात.

माणसांच्या लॅबमध्ये तपासणी झाली तर अहवालात ‘पीएच ८.५’ आणि ‘क्रिस्टल्स ++’ ठळक अक्षरांत येतील. सशासाठी ते दोन्ही नेहमीचे आहे. पाहायचे ते रक्तपेशी, पांढऱ्या पेशी आणि जिवाणू. कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) ट्रेमधला नमुना चालत नाही. डॉक्टर पोटातून सुईने घेतात.

गाळावर डॉक्टर काय करतात?

आधी एक्स-रे. कॅल्शियम असल्याने खडा आणि गाळ दोन्ही पांढरेशुभ्र दिसतात. गाळ असेल तर मूत्राशयाचा आकार खडूने भरल्यासारखा उमटतो, खडा असेल तर कडा स्पष्ट दिसतात. मूत्रपिंड आणि त्याखालच्या नळ्यांतही खडे आहेत का, हे त्याच फोटोत पाहून घ्यावे.

सौम्य गाळ असेल तर कातडीखाली सलाईन, वेदनाशामक आणि हालचाल यावर भागते. सलाईन मानेमागच्या सैल कातडीखाली कोमट करून देतात. दीर्घकाळ लागणार असेल तर डॉक्टर घरी द्यायला शिकवतात. त्यांनी दोनदा समोर करून घेतल्याशिवाय स्वतः सुरू करू नका. गाळ घट्ट असेल तर गुंगी देऊन नळी घालतात आणि कोमट सलाईनने मूत्राशय धुतात. एका वेळी सगळा निघेलच असे नाही. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी.

वेदनाशामक हा या उपचाराचा कणा आहे. दुखत असेल तर ससा ताणून उभा राहत नाही, गवत खात नाही, पाणी पीत नाही, आणि गाळ पुन्हा बसतो. मेलोक्सिकॅम नेहमी वापरले जाते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा सशाच्या अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते नुकसान करते, म्हणून आधी रक्ततपासणी आणि डोस डॉक्टरांचाच.

खड्याचे ऑपरेशन कितपत सुरक्षित?

मूत्राशय उघडून खडा काढणे हे सशांचा अनुभव असलेल्या सर्जनसाठी नेहमीचे काम आहे. फोन करतानाच विचारा: महिन्याला किती सशांना भूल देता? ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगता का? ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे उत्तर आले तर दुसरे डॉक्टर शोधा. सशाला उलटी करता येत नाही, आणि पोट रिकामे राहिले तर आतड्याची हालचाल थांबते. भूल उतरल्यावर काही तासांत त्याने गवत तोंडाला लावायला हवे. नाही लावले तर सिरिंजने पातळ खाद्य भरवावे लागते.

खडा पुन्हा होऊ शकतो. पिंजरा, वजन आणि पाणी तसेच ठेवले तर होतोच म्हणा.

कोणती प्रतिजैविके सशाला देऊ नयेत?

तोंडाने अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, सेफालेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन: यांतले एकही नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात, जुलाब लागून ससा दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. लघवीच्या संसर्गाला सहसा एन्रोफ्लोक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा वापरतात. घरातल्या मुलाचे उरलेले प्रतिजैविकाचे सिरप सशाला देण्याआधी ही यादी आठवा.

शेपटीखालची कातडी लाल झाली, केस गळले. काय करायचे?

सतत ओलाव्याने कातडी भाजल्यासारखी होते. पूर्ण आंघोळ घालू नका, ससा धक्क्याने आणि थंडीने मरू शकतो. पसरट टबमध्ये दोन बोटे कोमट पाणी घेऊन मागचा भाग तेवढा बुडवा, साबण नको. टॉवेलने टिपून घ्या, घासू नका, आणि पूर्ण कोरडे करा. केस कापायचे तर डॉक्टरकडून. सशाची कातडी कागदासारखी पातळ, कात्रीने सहज फाटते. झिंकची मलमे तो चाटतो, ती टाळा. बसायला फ्लीसचे कापड आणि खाली शोषून घेणारा पॅड, दिवसातून दोनदा बदला.

हे सगळे तात्पुरते. ओलावा का येतो हे सापडेपर्यंत कातडी बरी होत नाही.

पावसाळ्यात अळ्या पडतात म्हणतात, ते याच जागेवर का?

हो. लघवीचा वास आणि ओली कातडी यांवर माश्या अंडी घालतात. २४ तासांच्या आत अळ्या निघून मांस खायला लागतात. जून ते ऑक्टोबर दिवसातून दोनदा ससा उचलून शेपटीखाली पाहा. तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली तर चिमट्याने काढा. अळ्या दिसल्या तर त्याच तासाला दवाखाना. कुत्र्यांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब वापरू नका, ते सशासाठी विषारी आहे.

म्हातारा ससा झोपेतच लघवी गाळतो. मागचे पायही लटपटतात.

सांधेदुखी असू शकते किंवा एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. तो सशाच्या लघवीतून दुसऱ्या सशात जातो. मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे ही त्याची ठिकाणे. मान वाकडी होणे, मागचे पाय ओढणे, लघवीवर ताबा न राहणे ही लक्षणे. फेनबेंडाझोल किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस असा कोर्स डॉक्टर देतात. मध्येच बंद करू नका. घरात केमोथेरपी चालू असलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर ट्रे दुसऱ्याने हातमोजे घालून साफ करावा. ट्रेवर उकळते पाणी ओतले की बीजाणू मरतात.

ससा अचानक गादीवर, भिंतीवर लघवी उडवतो. हाही मूत्राशयाचा त्रास?

चार-सहा महिन्यांचा, नसबंदी न केलेला असेल तर ते हद्द आखणे आहे. नराची साधारण चार-पाच महिन्यांपासून, मादीची पाच-सहा महिन्यांपासून नसबंदी करता येते. हार्मोन उतरायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर नर पिले देऊ शकतो, त्याला मादीपासून वेगळा ठेवा. वर्षानुवर्षे ट्रे वापरणारा ससा बाहेर करू लागला, तर मात्र तो खोडकरपणा समजू नका. ट्रेची कड चढताना त्याला दुखते का, ते आधी पाहा.

ट्रे कसा असावा, आणि पांढरा थर कसा काढायचा?

ससा पूर्ण ताणून उभा राहील एवढा मोठा, आणि म्हाताऱ्यासाठी एका बाजूची कड तीन-चार सेंटिमीटरपर्यंत कापलेला. खाली वर्तमानपत्र किंवा कागदी गोळ्या, वर गवत. मांजरांसाठीची, ओली झाली की गोळे बनणारी माती नको, ससा ती खातो आणि आतडे अडते. देवदार-पाइनचा भुसाही नको.

थरावर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात ओता. बुडबुडे येतील, तोच कॅल्शियम कार्बोनेट. वीस मिनिटांनी घासून धुवा. धुण्याआधी बोटाने खरखर पाहायला विसरू नका.